गड आला, पण केबल गेली

‘आपापलं उपकरण आपणच घेऊन या’ हे धोरण ऑफिसात आलं तेव्हा ते आमच्या स्वातंत्र्यासाठी आहे, असं ईमेलमध्ये लिहिलं होतं. साहेबी भाषेत त्याला बीवायओडी म्हणतात. २००९ च्या सुमाराला इंटेलसारख्या कंपन्यांनी ते मनावर घेतलं. माणसं स्वतःचे फोन खिशातून आणतातच आहेत, तर अडवत बसण्यापेक्षा वापरू द्या, असा हिशेब. आपल्याकडे यात नवीन काही नाही. गावात समाराधना असली की निरोप्या सांगून जायचा, ‘येताना ताट-तांब्या घेऊन या.’ यजमानाचा भांड्यांचा खर्च वाचायचा आणि पाहुण्याला आपल्याच ताटात जेवल्याचं समाधान मिळायचं. मात्र त्या ताटावर फार तर आजोबांचं नाव आणि कुणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेली असे. फोनवर अख्खं घर कोरलेलं असतं, आणि मीटिंग रूममध्ये ते भिंतीवर पासष्ट इंचांत दिसतं.

मी मीटिंगांना खूप बसतो आणि फार कमी बोलतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. भिंतीवरच्या स्लाइडमध्ये जे असतं ते एक तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, नाही तर त्यावर लिहिणाऱ्याचाही विश्वास नसतो. ऑफिसातली खरी बातमी त्याच भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर येते आणि जाते. मी त्या कोपऱ्यासाठी मीटिंगला जातो.

पण कोपरा दिसायला आधी भिंतीवर काहीतरी उमटावं लागतं, आणि तिथंच सगळं अडतं.

आमच्या हिंजवडीकडे मीटिंग रूमना गडांची नावं द्यायची पद्धत आहे. रायगड अर्थातच साहेबांचा. तोरणा सगळ्यात आधी हाती लागतो, तेव्हा तो इतिहासाला धरून आहे. विशाळगडात चार खुर्च्या मावतात. क्लायंट आले की त्यांची भेट प्रतापगडावर ठरवतात आणि त्यात कुणालाही काही खटकत नाही. दोन्ही बाजू हसत हसत मिठी मारूनच आत शिरतात. पगारवाढीची बोलणी मात्र पुरंदरलाच व्हायची, हे कुणी ठरवलं कोण जाणे. १६६५ च्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले आणि बारा राहिले. आमच्या पुरंदरातून बाहेर येणाऱ्याचं प्रमाण साधारण तेच असतं.

आणि सिंहगड. सिंहगड मिळवायला आठवडाभर आधी कॅलेंडरवर मोर्चेबांधणी करावी लागते. आत कुणीतरी ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणून बसलेलं असतं, त्यांना काचेतून घड्याळ दाखवून उठवावं लागतं. एवढं करून आपण आत शिरतो, लॅपटॉप उघडतो आणि टेबलावर हात फिरवतो. गड आलेला असतो, पण केबल गेलेली असते.

टेबलाच्या बरोबर मध्ये एक झाकण असतं. ते नखानं उचकटावं लागतं, त्यामुळे नुकतीच नखं कापलेल्या माणसाला मीटिंग सुरू करता येत नाही. आत दोन पॉइंट, त्यातला एक बंद, बिस्किटाचा चुरा, पेनाचं टोपण, आणि एक काळी वायर, जिचं दुसरं टोक कुठं जातं हे इमारत बांधणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ती ओढली की वीतभर बाहेर येते आणि सोडली की सुळ्ळकन आत जाते. साहेब ती धरून उभे आहेत आणि एक मॅनेजर टेबलाखाली रांगत दुसरं टोक शोधतोय, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. दोघांचे मिळून पगार वर्षाला कोटभर असावेत.

जुनी निळ्या तोंडाची वायर होती तेव्हा बरं होतं, असं म्हणणारी माणसं अजून आहेत. आयबीएमनं १९८७ साली आणलेली ती व्हीजीए. पंधरा पिना आणि दोन्ही अंगांना स्क्रू. ती एकदा पिळून बसवली की मीटिंग संपेपर्यंत कुणाची टाप नव्हती काढायची. पिन वाकली तर सगळी भिंत गुलाबी व्हायची, आणि तोट्याचे आकडेही त्यात प्रसन्न दिसायचे. मग एचडीएमआय आली. ती एकाच बाजूनं लागते, आणि ती बाजू आपण धरलेली नसते. त्यानंतर २०१४ मध्ये यूएसबी-सी आली, उलटसुलट कशीही लागणारी. आता भांडण मिटलं असं वाटलं. पण सगळ्यांचं तोंड सारखं म्हणून सगळ्यांचा स्वभाव सारखा नसतो. कुठल्या सी-पोर्टातून चित्र जातं, कुठल्यातून नुसता डेटा जातो आणि कुठली वायर फक्त चार्जिंगच्या कामाची असते, हे बाहेरून बहुधा ओळखता येत नाही. त्यामुळे पिन सुरेख बसते, ‘टिंग’ असा आवाज होतो, फोन आनंदानं चार्ज व्हायला लागतो आणि भिंत निळीच राहते. टेबलाभोवतीची बारा माणसं त्या निळ्या भिंतीकडे बघत राहतात. कुणीतरी म्हणतं, “एकदा काढून परत लाव ना.” हे वाक्य म्हणायला कुठलीही पदवी लागत नाही, पण म्हणतात सगळे.

या सगळ्यात मालक कोण, तर ज्याच्याकडे डोंगल तो. आमच्या डिझाइनमधल्या एका मुलाकडे शाळकरी कंपासएवढा पाऊच आहे आणि त्यात जगातल्या सगळ्या पिना आहेत. त्याला ज्या मीटिंगांना बोलावतात त्यांतल्या निम्म्यांचा विषयही त्याला माहीत नसतो. निमंत्रणाच्या यादीत मात्र त्याचं नाव साहेबांच्या लगेच खाली असतं. मध्यंतरी त्याला अमेरिकेलाही पाठवलं, कारण तिथल्या मीटिंग रूममध्ये कुठलं भोक आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑफिसचे स्वतःचे डोंगलही आहेत. ते चोरीला जातात म्हणून कुणीतरी एक डोंगल नायलॉनच्या दोरीनं टेबलाच्या पायाला बांधला. तेव्हापासून ज्याला तो लावायचाय त्याला लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसावं लागतं. बाकीचे डोंगल मामांच्या ड्रॉवरमध्ये असतात. मामा, म्हणजे आमचे चहा आणणारे. कोऱ्या कागदावर कुणी काय नेलं ते लिहून ठेवतात आणि परत आल्याशिवाय त्या टीमला बिस्किटं देत नाहीत. कंपनीत दुसरी कुठलीही व्यवस्था इतकी नीट चालत नाही.

मग कुणीतरी म्हणालं, वायरच नको. अ‍ॅपलचं एअरप्ले २०१० मध्ये आलं, मिराकास्ट २०१२ मध्ये, क्रोमकास्ट २०१३ मध्ये. बसल्या जागेवरून फोनमधलं चित्र भिंतीवर. यात एकच बारीक गोष्ट राहिली. जोडण्याआधी आसपासच्या सगळ्या उपकरणांची यादी समोर येते, आणि माणसांनी आपल्या फोनला काय काय नावं दिलीत ती सगळ्यांना वाचायला मिळतात. ‘पप्पा नवीन’. ‘स्वराची आई’. ‘हात लावू नये’. आमच्या लेखापरीक्षण विभागाचे प्रमुख, ज्यांच्यासमोर माणसं पावत्या घेऊन थरथरत उभी राहतात, त्यांचा फोन ‘छकुल्या’ आहे. ते कळल्यापासून लोक थरथरत नाहीत.

हॉटस्पॉटचंही तेच. ऑफिसचं वाय-फाय घरच्या फोनाला ओळख देत नाही. पाहुण्यांच्या वाय-फायचा पासवर्ड रिसेप्शनवर चिठ्ठीवर मिळतो. त्यात शून्य आणि ओ शेजारी शेजारी असतात. म्हणून शेवटी “कुणाचा हॉटस्पॉट चालू आहे?” असं विचारावं लागतं. हा प्रश्न आला की एरवी तोंडावर बोलणारे लोकसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागतात, कारण दिवसाचा दीड जीबी अजून पुरवायचा असतो. एकदा सायबर सुरक्षेवर सादरीकरण होतं. नेट मिळेना, तेव्हा सादर करणाऱ्या सरांनी मोठ्या मनानं स्वतःचा हॉटस्पॉट दिला. पासवर्ड एकपासून आठपर्यंत, ओळीनं.

आणि बिनवायरीचं चित्र भिंती मानत नाही. तोरण्यावरून सोडलेलं पुरंदरावर जाऊन पडतं. एकदा पुरंदरात एका जुन्या सहकाऱ्याला, यंदा बजेट कसं नाहीच, हे अत्यंत हळव्या स्वरात समजावलं जात होतं. तेवढ्यात मागची भिंत उजळली आणि वरिष्ठांच्या बालीच्या सहलीसाठी मागवलेले हॉटेलांचे दर उमटले. नाश्त्यासह, नाश्त्याविना. त्याला वाढ मिळाली. तेवीस-बाराच्या तहात इतका उलटा निकाल त्या खोलीनं आधी पाहिला नव्हता.

आता तो कोपरा.

एचआरच्या मॅडम ‘आपल्याकडे माणसं का टिकतात’ यावर बोलत होत्या. स्वतःचाच लॅपटॉप होता. स्लाइडवर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली परदेशी माणसं हसत होती. उजव्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन सरकत आला: अभिनंदन, आपली निवड पुढच्या फेरीसाठी झाली आहे, गुरुवारी अकरा वाजता उपलब्ध आहात का. चौकोन आला तसा गेला. अशा वेळी मराठी माणसाचे संस्कार दिसतात. वाचतात सगळे, बघत कुणीच नाही. एकानं पाण्याची बाटली उघडली, एकानं वहीत तारीख लिहिली, एकीला खोकला आला. मॅडमनी पुढची स्लाइड लावली, ती कर्मचाऱ्यांच्या निष्ठेवर होती. चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या मामांनीही वाचलं असावं, कारण त्या दिवशी मॅडमच्या बशीत दोन बिस्किटं जास्त होती. गुरुवारी अकराला मॅडमना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. सगळ्यांनी सांगितलं, दातांकडे दुर्लक्ष करू नका.

खर्चकपातीवर बोलणाऱ्याच्या कोपऱ्यात बँकेचा मेसेज येतो आणि रकमेवरून कळतं की गाडी घेतली. वेळेच्या नियोजनावर बोलणाऱ्याला त्याच्या मुलाच्या शाळेच्या बसचे काका विचारतात, “न्यायला कुणी येणार आहे का?” सोसायटीच्या ग्रुपवर एमएच बारावाल्याला पार्किंगवरून कुणीतरी शेवटचा इशारा देतं, आणि खोलीतला एक जण उठून बाहेर जातो. दुपारी तीन वाजता कुणाच्या तरी आत्याचं गुलाबावर दव असलेलं शुभ सकाळ येतं. ही सगळी माहिती खरी असते, ताजी असते आणि तिच्यावर कुणी शेरा मारत नाही. स्लाइडचं असं होत नाही.

सूचना बंद ठेवून येणारे सावध लोक असतात. त्यांना ब्राउजर पकडतो. पत्ता टाइप करताना पहिलं अक्षर पडलं की जुनी घसट बाहेर येते. ‘एन’ दाबलं की बऱ्याच जणांचं नोकरीच्या संकेतस्थळाशी असलेलं नातं उघड होतं. आमच्या एका वरिष्ठांनी ‘के’ दाबलं. त्यांना कंपनीचं पोर्टल उघडायचं होतं. खाली ‘केस गळणे घरगुती उपाय’ असं आलं, आणि बारा जणांची नजर भिंतीवरून निघून आदरानं त्यांच्या डोक्यापर्यंत गेली. उपाय उशिरा शोधलेला दिसत होता.

टेबलाखालच्या फोनांबद्दल जास्त लिहीत नाही, ते जगभर सारखंच आहे. मीटिंगला बसलेल्यांचा साहेब वगळून एक ग्रुप असतो आणि मीटिंग खरी तिथे चालते. साहेब काहीतरी गंभीर बोलतात, टेबलाखाली अकरा ठिकाणी एकाच वेळी थरथर होते आणि अकरा चेहरे एकाच वेळी दगड होतात. व्हॉट्सअ‍ॅपनं २०१७ मध्ये मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली, तेव्हा चुकीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांना वाटलं, वाचलो. पण मेसेज गेला तरी तो पुसल्याची पाटी मागे राहते. मूळ मेसेज फार तर ‘हे कधी संपणार’ एवढाच असतो. पाटी बघून साहेब त्याहून फार वाईट काहीतरी मनाशी धरतात.

यावर उपाय म्हणून फोन बाहेर ठेवायची टूम निघाली. वरच्या पातळीवर हे चालतं. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या बैठकीत फोन आणायला २०१६ मध्ये बंदी घातली गेली. त्याआधी २००९ चा व्हाइट हाउसमधला एक फोटो गाजला होता: ओबामांच्या बैठकीबाहेरची टोपली, तीत ब्लॅकबेरींचा ढीग आणि प्रत्येकावर नावाची पिवळी चिठ्ठी. आमच्याकडे त्यासाठी दिवाळीत सुकामेवा आलेली टोपली निघाली, सोनेरी जाळीसकट. ती टेबलाच्या टोकाला ठेवली. अणुबॉम्बची गुपितं सांभाळणाऱ्यांना जमलं ते आम्हाला का जमू नये?

पहिल्या दहा मिनिटांत टोपली गुरगुरायला लागली. प्रत्येक गुरगुरीला चार जण अर्धवट उठायचे, कारण थरथर कुणाची हे ओळखता येत नाही. सोनेरी जाळी कुडकुड वाजायची. थरथरत थरथरत टोपली टेबलाच्या कडेकडे सरकत चालली होती आणि सगळी खोली श्वास रोखून तिच्याकडे बघत होती; त्या वर्षातली ती सर्वांत एकाग्र मीटिंग असेल. ज्यांच्या मनगटावर घड्याळ होतं ते मात्र आरामात मेसेज वाचत होते. शेवटी एकाच हप्त्यांच्या योजनेत घेतलेले दोन सारखे काळे फोन अदलाबदल होऊन घरी गेले, आणि दोन्ही घरांत रात्री काय झालं ते सांगण्यासारखं नाही. पुढच्या वेळी साहेब म्हणाले, “माझा तेवढा राहू दे, क्लायंटचा कॉल येऊ शकतो.” मग सगळ्यांनाच क्लायंट निघाले. टोपली आता मामांकडे असते, डोंगल ठेवायला.

कंपन्यांनाही आपली भीती वाटते, हे विसरून चालणार नाही. आयबीएमनं २०१२ मध्ये कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या आयफोनवरची सिरी बंद ठेवली होती, तिला विचारलेलं कुठं जाऊन साठतं याची खात्री नव्हती म्हणून. आमच्या फोनात कंपनीचं एक अ‍ॅप बसवलंय. ते घेताना संमतीपत्र येतं आणि त्यात लिहिलेलं असतं, की नोकरी सोडल्यावर कंपनी या फोनातला मजकूर दुरून पुसू शकते. कामाचा की सगळाच, ते खूप खाली लिहिलेलं असतं. तिथपर्यंत कुणी जात नाही. नोकरी सोडताना लोक एरवी फंड आणि ग्रॅच्युइटी विचारतात. हल्ली विचारतात, “बारशाचे फोटो राहतील ना?”

आता यात एक नवीन पाहुणा आलाय. मीटिंग ऐकून आपणहून इतिवृत्त लिहिणारं यंत्र. तो कुणाच्या तरी लॅपटॉपमधून गुपचूप येऊन बसतो, कंटाळत नाही, मराठी-इंग्रजी दोन्ही ऐकतो आणि कोण काय करणार, कधीपर्यंत, याचा तक्ता करून सगळ्यांना पाठवतो. रायगडावर तिमाही आढावा होता. टेक्सासचे क्लायंट पडद्यावर होते, पण त्यांचा आवाज तुटला म्हणून पाच मिनिटं थांबलो होतो. साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो सवयीनं कानाला लावला. पण फोन आधीच्या मीटिंगपासून छतातल्या स्पीकरला जोडलेला राहिला होता.

“अहो, ऐका,” छत म्हणालं. “दळण टाकलंय. येताना घेऊन या. गिरणी आठला बंद होते.”

“मी मीटिंगमध्ये आहे,” साहेब फोनवर हात धरून कुजबुजले. तेही छतातून ऐकू आलं.

“तुम्ही नेहमीच असता. आणि मागच्यासारखा दुसऱ्यांचा डबा आणू नका, आपलं झाकण निळं आहे. लिहून घ्या, नाहीतर विसराल.”

लिहून घेतलं गेलं. संध्याकाळी तक्ता आला. सर्व्हर बदलणं: जबाबदारी निश्चित नाही, मुदत पुढची तिमाही. ग्राहकांच्या तक्रारी: जबाबदारी सर्वांची, मुदत नाही. प्रशिक्षण: चर्चा चालू. आणि चौथ्या ओळीत, यंत्रानं इंग्रजीत केलेलं: ग्राइंडिंग. जबाबदारी साहेब. मुदत आज रात्री आठ. टीप: निळं झाकण तपासून घेणे.

पुढच्या महिन्यात टेक्सासवाले तोच तक्ता उघडून बसले होते. पहिल्या तिन्हींची प्रगती विचारून झाली. ती चालू होती. मग त्यांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ग्राइंडिंगचं कुठवर आलंय ते विचारलं. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. साहेब खुर्चीत सरळ झाले आणि म्हणाले, “त्याच दिवशी पूर्ण झालं. मुदतीच्या आत. झाकणही तपासलं.”

क्लायंट खूश झाले. बाकीची तिन्ही कामंही त्याच टीमकडे द्यावीत, असं त्यांनी सुचवलं.